बिनमटणाचा हरिसा

मार गेवर्गिस या संताच्या सणाची सकाळ. साडेनऊ वाजले होते, वर्दियाच्या अंगणात डेग रटरटत होती, आणि हर्मिज फाटकातून आत शिरला तो नाक वर करूनच.

"वा! काय दरवळ सुटलाय! पण वर्दे, पाहुण्यांना नुसता वासच द्यायचा बेत आहे का?"

वर्दिया बाहत्तर वर्षांची. पहाटे चारपासून लाकडी घोटणा हातात होता, खांदे भरून आले होते, आणि थोरल्या भावाची थट्टा ऐकायच्या मनःस्थितीत ती अजिबात नव्हती.

"वास कशाला? ताटं भरभरून वाढणार आहे. बस तिकडे, मध्ये मध्ये करू नकोस."

"मटण घातलंयस?"

"मग काय दगड घालू, दादा? हरिसा आहे. गहू आणि मेंढी. आपली आई काय घालायची?"

"म्हणजे घातलंयस." हर्मिज ओट्यावर टेकला, तंबाखूची डबी काढली आणि शांतपणे सिगारेट वळायला लागला. "झाया शमाशाचा उपवास चालू आहे. त्यांचा ईस्टर पाच मेला. आज तारीख चोवीस. अजून अकरा दिवस त्या घरात मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. बारा वाजता येतील, तुझ्या डेगीत डोकावतील आणि आल्या पावली दहोकला परत जातील."

वर्दियाचा हात थांबला. घोटणा डेगीत तसाच उभा राहिला.

आता एवढी साधी गोष्ट घरात कुणाच्याच लक्षात कशी आली नाही, हे विचारू नका. सणाच्या गडबडीत आपलंच पंचांग तेवढं खरं वाटतं. वर्दियाच्या कॅथलिक गावात ईस्टर होऊन तीन आठवडे उलटले होते, पोरं रंगवलेली अंडी खाऊन विसरूनही गेली होती. झाया शमाशाचं चर्च जुन्या पंचांगाचं. ख्रिस्त तोच, सुरेथ भाषा तीच, सणाला घोटायचा हरिसाही तोच, पण ईस्टर कधी बरोबर येतो, कधी आठवड्याने मागे, आणि यंदा तर चक्क पाच आठवडे मागे. आणि यंदाच नेमकं त्या घरातून मुलगी आणायची होती.

मुलगी म्हणजे शमीराम, झायाची नात. दहोक शहरात औषधांच्या दुकानात होती. वर्दियाचा धाकटा सलवान सहा महिने तिच्याकडून खोकल्याचं औषध घेत होता, आणि खोकला त्याला एक दिवसही झाला नव्हता. जानेवारीत ही मंडळी दहोकला जाऊन मुलगी मागून आली. झाया चर्चमधला शमाशा, म्हणजे वेदीपाशी उभा राहून पिढीजात प्रार्थना गाणारा माणूस. शब्द तोलून बोलणारा. तो ना हो म्हणाला ना नाही. "मार गेवर्गिसच्या सणाला तुमच्या घरी येतो. घर बघतो, माणसं बघतो, मग सांगतो," एवढंच. तेव्हापासून सलवानच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"नाहरीन!" वर्दियाने हाक मारली. "अगं नाहरीन, इकडे ये आधी!"

थोरली लेक नाहरीन हातात वही घेऊनच बाहेर आली. वीस वर्षं ती गावातल्या मुलांना धर्मशिक्षण देत होती, आणि शमीरामला लग्नाआधी काय काय शिकवायचं याचे मुद्दे तिने त्या वहीत मांडून ठेवले होते. ऐकल्यावर आधी ती पांढरी पडली, मग लाल झाली.

"मामाला कसं माहीत त्यांच्या उपवासाचं? जो स्वतः कुठल्याच चर्चची पायरी चढत नाही त्याला?"

"सरकारशी लढताना डोंगरात तीन हिवाळे मी त्यांच्या पोरांबरोबर एका गुहेत काढलेत, बाई," हर्मिज म्हणाला. "बंदूक खांद्यावर, लाल पुस्तक पिशवीत, आणि उपवासाच्या दिवसांत निम्मी तुकडी मटणाला हात लावायची नाही. कॉम्रेड असले म्हणून काय झालं, आयांना घाबरायचे सगळे."

"पण पंचांग त्यांचं चुकलंय, आपलं नाही," नाहरीन फणकारली. "आपण का म्हणून—"

"हो, हो. बारा वाजता त्यांना फळ्यावर गणित करून दाखव."

सलवान दाराशी उभा राहून ऐकत होता. "त्यांना वाटेल आपण मुद्दाम केलं," तो हळूच म्हणाला. "वाटेल, मुलगी यायच्या आधीच तिचा उपवास मोडायला निघाले."

वर्दियाने एकदा डेगीकडे पाहिलं. ही डेग म्हणजे तिचा नवस. दहा वर्षांपूर्वी, त्या ऑगस्टात काळ्या झेंड्यांचे बंदूकवाले चालून आले, सगळे रातोरात गाव सोडून पळाले, नवरा ईशो वाटेतच गेला. तेव्हा एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून ती बोलली होती, माझ्या दाराला पुन्हा माझीच किल्ली लागली तर दर सणाला गावाला हरिसा घालीन आणि पहिला घास मी खाईन. किल्ली लागली. त्यानंतर एक सण चुकला नव्हता.

"सलवान, पिकअप काढ," ती म्हणाली. "डेग उचला आणि चर्चच्या अंगणात नेऊन ठेवा. गावाला तिथेच वाढा. या अंगणात मटणाचा तुकडा राहता कामा नये. नाहरीन, निवडलेला गहू उरलाय तो मोठ्या कुकरला लाव. चणे—"

"चणे भिजवलेले नाहीत, आई."

"गुलेकडे असतील."

पलीकडच्या घरातली यझिदी धर्माची गुले भिजवलेल्या चण्यांचं पातेलं घेऊन स्वतःच आली, सगळं ऐकून घेतलं आणि ओढणीचं टोक तोंडाला लावून हसली. "एका देवाची दोन पंचांगं! आमचं एक आहे तेच आमच्या लक्षात राहत नाही. बरं, त्या डेगीतलं आमचं पातेलं विसरू नका म्हणजे झालं."

"तुझं आधी, बाई. तू नसतीस तर आज माझी अब्रू गेली होती."

कांदा तेलात खरपूस तळला, तिळाची चटणी पातळ केली, जिरं कुटलं. गहू आणि चणे शिजले तसे वर्दिया पुन्हा घोटायला बसली. नाहरीन शेजारी ताटं पुसत होती.

"त्यांच्यासाठी हे, आणि आपल्याला मी डेगीतलं थोडं आत झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "तुझा पहिला घास."

"तेही पाठवून दे."

"आई! सणाच्या दिवशी उपवास करतात का? मीच मुलांना शिकवते, सणाला उपवास धरणं बरोबर नाही म्हणून. आणि तुझा नवस?"

"माझ्या घरात पाहुणा बिनमटणाचा आणि मी शेजारी बसून मटण ओरपू? मार गेवर्गिसला नवसाचं मी सांगते समजावून. त्याला समजतं, तुलाच समजत नाही."

नाहरीन रागावली होती, पण झाकलेलं भांडं तिने सलवानच्या हाती दिलं. हर्मिज ओट्यावरून बघत होता. त्याने अर्धी सिगारेट विझवली, बाह्या सरसावल्या आणि बहिणीच्या हातातून घोटणा घेतला. "हो बाजूला. तुझे हात गळून गेलेत," एवढंच म्हणाला.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी दारात थांबली. आधी काठी उतरली, मग झाया, ऐंशी वर्षांचा, ताठ. मागून सून अस्मर, शमीरामची आई, तिचा नवरा कामानिमित्त जर्मनीत होता, आणि शेवटी शमीराम, जी सलवानकडे मुद्दाम बघत नव्हती. झाया अंगणात थबकला. त्याने श्वास आत ओढला.

"मटण शिजलंय इथे."

"शिजलं होतं," वर्दिया पुढे होऊन म्हणाली. लपवाछपवी तिला जमतच नसे. "शमाशा, चूक झाली आमची. तुमचा उपवास आम्ही साफ विसरलो. साडेनऊला लक्षात आलं. मटण गावात गेलं, तुमच्यासाठी दुसरं केलंय. वास तेवढा हाकलता आला नाही, त्याची माफी असावी."

झाया काठी टेकत आत आला. पंगत बसली. गव्हाचा हरिसा, वर तळलेला कांदा, ऑलिव्हचं लोणचं, खजुराचा पाक, भाकऱ्या. झायाने ताटावर क्रूसाची खूण केली, पहिला घास घेतला आणि मान वर करून एकेकाच्या ताटात पाहिलं. सलवानच्या ताटात तेच. नाहरीनच्या तेच. हर्मिजच्या ताटात तेच, आणि तो मन लावून जेवत होता.

"तुमचा तर आज सण," झाया म्हणाला. "तुम्ही का हे खाताय?"

"तुम्ही आलात हाच सण," वर्दिया म्हणाली.

"आणि हे भाऊ? यांच्याबद्दल मी ऐकून आहे. हे तर कुठलाच उपवास मानत नाहीत."

"मी बहिणीला मानतो," हर्मिज तोंडात घास असतानाच म्हणाला. "शिवाय चांगलं झालंय. चण्यांना तोड नाही."

अस्मरला हसू फुटलं, तिने ते भाकरीत दाबलं. वर्दियाला जरा हलकं वाटलं. पण झाया हसला नाही.

जेवणं झाली, कॉफी आली. झायाने कप समोर ठेवून घेतला, हात लावला नाही. मुलगी मागणाऱ्या घरची कॉफी होकार दिल्याशिवाय पीत नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सलवानचे डोळे त्या कपावर खिळले.

"मी आडपडदा ठेवणार नाही," झाया म्हणाला. "एकोणसाठ साली माझी बहीण खन्ना तुमच्या चर्चच्या घरात दिली. पलीकडच्या गावात. तिच्या सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझी प्रार्थना कच्ची, तुझं चर्च कच्चं, इथे पहिल्यापासून सुरुवात करायची. खन्ना मरेपर्यंत आमच्या ईस्टरला घरी आली नाही. लाज वाटायची तिला आमची. सांगा, माझ्या नातीला तुम्ही काय शिकवणार?"

सगळ्यांचे डोळे नाहरीनकडे वळले, कारण वही तिच्या मांडीवर होती. वर्दियाने मनातल्या मनात हात जोडले. ही पोरगी आता दहा मुद्दे वाचणार आणि सगळं संपणार, असं तिला वाटलं.

नाहरीनने वही मिटली.

"शमाशा, माझ्या वहीत बरंच लिहिलंय. पण वीस वर्षं मी धर्म शिकवते आणि आज तुमचा उपवास मला आठवला नाही. आठवला कुणाला? तर या मामाला, जो देव नाही म्हणतो. आता मी कुठल्या तोंडाने शिकवू?" तिने वही बाजूला ठेवली. "एक मात्र खात्रीने सांगते, कारण ते माझं नाही, आमच्या चर्चचं आहे. शमीरामचा बाप्तिस्मा एकदा झालाय, तो झाला. तो पुन्हा कुणी करणार नाही, कुणी कच्चा म्हणणार नाही. माझ्यासमोर कुणी म्हटलंच तर गाठ माझ्याशी आहे."

"शाबास," हर्मिज पुटपुटला. भाचीला त्याने शाबास म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

झायाने काठीवर दोन्ही हात ठेवले. "म्हणजे तुम्हाला आम्हाला द्यायचं काहीच नाही? तुमचा विश्वास तुम्हाला इतका स्वस्त आहे?"

हा प्रश्न वर्दियाला लागला. ती पुढे सरकून बसली.

"स्वस्त नाही हो, शमाशा. ऐका. आम्ही पळून गेलो तेव्हा तुमच्याच जुन्या पंचांगाच्या एका चर्चने आम्हाला त्यांच्या शाळेचा वर्ग दिला. एका वर्गात सहा कुटुंबं. त्यांच्या बायका रोज भाकऱ्या आणून द्यायच्या. कोण, कुठल्या चर्चच्या, एकदा विचारलं नाही. पण मी प्रार्थना सोडली होती. नवरा रस्त्याकडेला पुरलेला, घर गेलेलं. कुणाला हाक मारायची? तिसऱ्या रविवारी आमचे फादर चालत आले. शाळेच्या बाकाचीच वेदी करून मिस्सा केली. ख्रिस्तप्रसादाचा तो तुकडा माझ्या जिभेवर ठेवला, आणि मला कळलं, हा माझ्यामागे इथवर आलाय. या घाणेरड्या वर्गापर्यंत, वर्दियाला शोधत. मी तिथेच रडत बसले. घर परत मिळालं ते नंतर. मला सगळं परत मिळालं ते त्या बाकापाशी."

ती डोळे पुसत होती आणि बोलतही होती.

"हेच मी सांगत असते. भाजीवाल्याला सांगते. गुलेला सांगते. या माझ्या भावाला चाळीस वर्षं सांगतेय—"

"बेचाळीस," हर्मिज म्हणाला.

"बेचाळीस वर्षं. ऐकतात, चहा पितात, जातात. मी कुणाला ओढून नेत नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण जे मिळालं ते एकटीने खाण्यासारखं नाही. तुमच्या नातीलाही सांगेन. आणि तुमच्या चर्चने मला जे दिलं, तेही तिला सांगेन, म्हणजे तिला तुमची लाज वाटायची नाही. अभिमान वाटेल."

शमीरामने घसा खाकरला.

"आजोबा, मला कुणी विचारणार आहे का?"

"बोल."

"मी यांच्याबरोबर मिस्सेला जाईन आणि आपल्या ईस्टरला घरी येईन, सलवानला घेऊन. दोन ईस्टर होतील. माझं काय बिघडलं? उपवास मात्र एकच धरेन, आधीच सांगते."

अस्मरने डोक्यावर हात मारला. झायाच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने नातीकडे पाहिलं, मग वर्दियाकडे.

"दिली," तो म्हणाला.

सलवान उठून उभाच राहिला. अस्मरने आनंदाची किलकारी फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात झायाने हात वर केला. "आधी प्रार्थना. मुलाच्या घरचा सगळ्यांत मोठा पुरुष 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणेल, आम्ही त्याच्याबरोबर म्हणू. मग कॉफी. उठा, हर्मिज."

वर्दियाने भावाकडे पाहिलं. या क्षणासाठी फादरना बोलवायचं ठरलं होतं. उपवासाच्या गोंधळात त्यांना निरोप द्यायचा राहूनच गेला होता. दीर सगळे डेट्रॉइटला आणि मेलबर्नला. घरात मोठा पुरुष म्हणून एकटा हर्मिज.

हर्मिज उठला. टोपी काढून हातात घेतली.

"शमाशा, तुम्ही आज सरळ बोललात, म्हणून मीही बोलतो. मी हे मानत नाही. मुलगी मिळावी म्हणून खोटं बोललो तर तुमचाही अपमान आणि माझाही."

सलवानने डोळे मिटून घेतले. झाया मात्र तसाच बसून राहिला.

"पाठ आहे का?" त्याने विचारलं.

"आईने शिकवलेलं विसरतं का कुणी?"

"मग अडतंय कुठे? सगळीकडे?"

हर्मिजने टोपी मुरगाळली. "एका ओळीवर अडतं. क्षमेच्या. 'आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर.' ब्याऐंशी साली डोंगरातल्या माझ्या मित्राला, दाविदला, मी खांद्यावर घालून या गावात आणला होता. मेलेला. तेव्हाच्या फादरने कबरस्तानाचं फाटक उघडलं नाही. सरकारला घाबरला. मी त्याला शेतात पुरला, एकट्याने. त्या माणसाला मी क्षमा केलेली नाही. केली असं म्हणणार नाही. बाकी सगळं सोडा, ते एक वाक्य माझ्या तोंडून यायचं नाही."

दाविदबद्दल वर्दियाला ठाऊक होतं. पण भावाने ते असं चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं तो देव नाही, देव नाही म्हणत राहिला, आणि बेचाळीस वर्षं ती त्याला देव आहे, देव आहे म्हणत राहिली. फाटकाचं तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली.

झाया काठी टेकून उठला आणि हर्मिजच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"ती ओळ आली की तू गप्प राहा," तो म्हणाला. "ती आम्ही म्हणू. तुला जेवढ्या येतात तेवढ्या तू म्हण."

"असं चालतं?"

"मला माहीत नाही," झाया म्हणाला. "पण आज मी तुमच्या सणाला उपवासाचं जेवलो आणि तुम्हीही जेवलात. तेही कुठे लिहिलेलं नाही."

हर्मिजने नाहरीनकडे पाहिलं, ती नियम सांगेल या आशेने बहुतेक. नाहरीन उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. "म्हण, मामा," ती म्हणाली.

तो म्हणायला लागला. गावच्या जुन्या चालीवर, जशी आई म्हणायची तशी, खर्जातल्या आवाजात. एकेक ओळ नीट, शब्द न खाता. रोजची भाकर मागणाऱ्या ओळीपर्यंत आला आणि थांबला.

झायाचा जाडाभरडा आवाज उठला, त्यावर नाहरीनचा बारीक, अस्मरचा, शमीरामचा, सलवानचा. दोन चर्चची माणसं, एकाच भाषेत, क्षमेची ती ओळ अख्खी म्हणून गेली. वर्दिया मात्र ती म्हणायचं विसरून भावाकडेच बघत राहिली. आणि ओळ संपली तसा हर्मिजने पुढचा शब्द उचलला आणि शेवटपर्यंत नेला.

झायाने थंडगार झालेली कॉफी एका घोटात संपवली. आता मात्र अस्मरच्या किलकारीने छप्पर हललं, पलीकडून गुलेनेही तिला साथ दिली.

गलबल्यात हर्मिज वर्दियाच्या शेजारी येऊन बसला. डोळे लाल होते, पण नजर तीच, अडेल. "मी त्या ओळीला गप्प होतो, वर्दे. उगाच भलतं समजू नकोस."

"नाही समजत, दादा."

"दाविदला पुरलं ते शेत तुला दाखवायचं राहिलंय," तो थोड्या वेळाने म्हणाला. "उद्या येशील?"

"आजच जाऊ," ती म्हणाली.

तिने त्याचा हात धरला. बेचाळीस वर्षं तिने देवाकडे अख्खा भाऊ मागितला होता. आज देवाने एक ओळ कमी करून दिला, आणि ती ओळ म्हणायला इतकी माणसं दिली. देवा, तुझे किती उपकार मानू, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि हर्मिजने तिला आज अडवलं नाही.